लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा पांडुरोग : रक्तविलयी पांडुरोगाची ओळख व निदान

अंगात रक्त कमी असणे हा आपल्या समाजातील इतका परिचित विकार आहे की, त्याविषयी अधिक चौकशी करण्याची आवश्यकता अनेकांना वाटत नाही. चेहरा फिकट दिसला, चार पायऱ्या चढताना धाप लागली की, घरातील वडीलधारी मंडळीच निदान करून टाकतात आणि लोहाच्या गोळ्या, पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे असा उपचारही ठरून जातो. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत हे अनुमान चुकीचे नसते. कारण लोहाची कमतरता हेच पांडुरोगाचे आपल्याकडील सर्वांत मोठे कारण होय. परंतु काही रुग्ण असे आढळतात की, महिनोन्महिने गोळ्या घेऊनही त्यांचे रक्त वाढत नाही. त्यांच्या शरीरात रक्त तयार होत नाही असे नसते. ते तयार होते, नेहमीपेक्षा अधिक वेगाने तयार होते. पण तयार झालेल्या तांबड्या पेशी आपले आयुष्य पुरे होण्यापूर्वीच फुटून नष्ट होतात. गळक्या हौदात कितीही पाणी ओतले तरी तो भरत नाही, तशीच ही अवस्था असते. या प्रकारास रक्तविलयी पांडुरोग, अथवा डॉक्टरी परिभाषेत हिमोलिटिक ॲनिमिया, असे म्हणतात.

हे एका रोगाचे नाव नसून एका समान परिणामाचे नाव आहे. त्यामागील कारणे अनेक आहेत. काही आईबापांकडून जन्मतःच मिळालेली, तर काही पुढे आयुष्यात उद्भवलेली असतात. कारणानुसार उपचार बदलतो आणि म्हणूनच अचूक निदानास येथे विशेष महत्त्व आहे.

तांबड्या पेशींचे आयुष्य

रक्तातील तांबड्या पेशी हाडांतील मज्जेत तयार होतात. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदास सुमारे २० लाख नव्या पेशी रक्तात येतात आणि जवळजवळ तितक्याच जुन्या पेशी बाद होतात. प्रत्येक पेशीचे आयुष्य साधारणतः १२० दिवसांचे असते. या काळात ती हिमोग्लोबिन या रंगद्रव्याच्या साहाय्याने फुप्फुसातील प्राणवायू शरीराच्या कानाकोपऱ्यात पोहोचविते. म्हातारी झालेली पेशी मुख्यतः प्लीहा, म्हणजे पाणथरी, आणि यकृत येथे मोडली जाते. तिच्यातील लोह वाया जात नाही. ते जपून ठेवले जाते व नव्या पेशींसाठी पुन्हा वापरले जाते. उरलेल्या रंगद्रव्यापासून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ बनतो आणि यकृत तो पित्तावाटे बाहेर टाकते.

काही कारणाने पेशी लवकर फुटू लागल्या म्हणजे मज्जा आपले काम वाढविते. गरजेनुसार नेहमीच्या सहा ते आठपट पेशी निर्माण करण्याची तिची क्षमता असते. त्यामुळे पेशींचे आयुष्य थोडे घटले तरी पांडुरोग दिसून येत नाही. मात्र ते १५-२० दिवसांवर आले की मज्जेचीही दमछाक होते आणि रक्त कमी पडू लागते. फुटलेल्या पेशींतील लोह बहुतांशी शरीरातच राहत असल्याने अशा रुग्णांत सहसा लोहाची उणीव नसते. तुटवडा असतो तो फॉलिक ॲसिडचा, कारण नव्या पेशी घडविताना ते भराभर खर्च होते. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या रुग्णांत तर लोह साचून हृदय व यकृत यांना अपाय होण्याचा धोका असतो. अर्थात, हे वाचून शाळेत अथवा आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या गोळ्या कोणी आपल्या मनाने बंद करू नयेत. एकाच व्यक्तीत दोन्ही प्रकारचे विकार असू शकतात व त्याचा निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनीच करावयाचा असतो.

ओळखण्याच्या तीन खुणा

फिकटपणा ही पहिली खूण. पापणीच्या आतील बाजू, जीभ, नखे व तळहात पांढुरके दिसतात. थकवा येतो, छाती धडधडते. ही खूण सर्वच पांडुरोगांत आढळते. दुसरी खूण म्हणजे डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसणारा पिवळेपणा. पेशी मोठ्या प्रमाणावर फुटल्याने बिलिरुबिन इतके तयार होते की यकृतास ते आवरत नाही. हा पिवळेपणा बहुधा सौम्य असतो, येतो-जातो आणि सूर्यप्रकाशात नीट पाहिल्यासच ध्यानात येतो. तिसरी खूण म्हणजे डाव्या बरगड्यांखाली हाताला लागणारी वाढलेली पाणथरी. फिकटपणा, पिवळेपणा आणि पाणथरी यांपैकी दोन खुणा जरी एकत्र दिसल्या, तरी रक्तविलयाची शंका घेणे अगत्याचे आहे.

याखेरीज काही पूरक सूचना असतात. घरात आणखी कोणास असाच त्रास असणे, लहानपणापासून अधूनमधून डोळे पिवळे होणे, पूर्वी रक्त द्यावे लागणे, ऐन तारुण्यात पित्ताशयात खडे होणे, किंवा एखादे औषध घेतल्यानंतर लघवी गडद काळसर होणे, या गोष्टी रुग्णाने डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. पुष्कळदा निदानाचा धागा तपासणीच्या कागदात नव्हे, तर अशा एखाद्या माहितीतच सापडतो.

काविळीशी होणारी गल्लत

डोळे पिवळे झाले की लोक त्यास कावीळ म्हणतात. ते शब्दशः चूक नाही. पण प्रत्येक कावीळ यकृताची नसते. यकृताला सूज येऊन झालेल्या काविळीत अन्नावरची वासना जाते, मळमळ होते, लघवी हळदीसारखी गडद पिवळी होते आणि पित्ताची वाट अडल्यास शौचास पांढुरके होते. रक्तविलयाच्या काविळीत फिकटपणा ठळक असतो, शौचाचा रंग फिका होत नाही आणि लघवीत बिलिरुबिन सापडत नाही. केवळ रक्तविलयामुळे मोठ्या माणसाच्या रक्तातील बिलिरुबिन सहसा ४-५ मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. त्याहून बरेच अधिक असल्यास यकृताचाही विचार करावा लागतो.

ही गल्लत केवळ नावाची असती तर चिंतेचे कारण नव्हते. परंतु कावीळ उतरविण्यासाठी गळ्यात माळ घालणे, तेल-मीठ तोडून आठवडेच्या आठवडे पथ्यावर ठेवणे, पोट फुगलेल्या बालकास तापलेल्या सळईने डाग देणे, असे प्रकार अनेक भागांत अद्याप चालतात. सौम्य पिवळेपणा काही दिवसांनी आपोआप ओसरतो आणि त्याचे श्रेय माळेला मिळते. मूळ रोग मात्र तसाच राहतो. डाग दिल्याने प्लीहा लहान होत नाही. जखम चिघळते, जंतुसंसर्ग होतो आणि तोच संसर्ग सिकलसेलच्या बालकास प्राणघातक ठरू शकतो.

सिकलसेल : विळ्याच्या आकाराच्या पेशी

मध्य व पश्चिम भारतात रक्तविलयाचे जे जन्मजात कारण सर्वाधिक महत्त्वाचे आहे, ते सिकलसेल होय. १९१० मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या विकाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १४६ अमिनो आम्लांच्या साखळीतील केवळ सहाव्या जागेवरचे एक आम्ल बदललेले असते. तेवढ्यानेच प्राणवायू कमी पडताच पेशी ताठर होऊन विळ्याचा आकार घेते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये हा दोष प्रथम नोंदविला गेला. त्यानंतर मध्य भारतातही तो आढळला. आज मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, बडवानी, गुजरातेतील डांग, नर्मदा, छोटा उदेपूर, तसेच महाराष्ट्रातील नंदुरबार व विदर्भ या पट्ट्यात त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. आदिवासींप्रमाणेच अन्य समाजांतही तो आढळतो. त्यामुळे एखाद्या जमातीचा रोग म्हणून त्याकडे पाहणे अज्ञानाचे होईल.

तो या भागात टिकून का राहिला, याचे उत्तर हिवतापात आहे. ज्यांना आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो, ते वाहक होत. ते सर्वसाधारणतः निरोगी असतात आणि बालपणी घातक हिवतापापासून त्यांना काही अंशी संरक्षण मिळते, असे १९५४ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून अँथनी ॲलिसन यांनी दाखविले. जंगलाळ, हिवतापग्रस्त प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या वाहक अधिक संख्येने जगले व दोषही टिकून राहिला.

दोन्हीकडून दोष मिळालेले मूल मात्र रोगी होते. जन्मतः ते निरोगी दिसते, कारण गर्भावस्थेतील निराळे हिमोग्लोबिन पहिले काही महिने त्याचे रक्षण करते. सहा महिन्यांनंतर हातापायांची बोटे व पंजे सुजून दुखू लागणे ही बहुधा पहिली सूचना असते. पुढे हाडांत व सांध्यांत तीव्र कळा, वारंवार ताप व न्यूमोनिया, वाढ खुंटणे, पायांवर न भरणाऱ्या जखमा अशी लक्षणे दिसतात. थंडी, पाणी कमी पिणे, अतिश्रम व ताप यांमुळे कळा सुरू होतात. दुखणे इतके असह्य असते की मूल कळवळते, आणि बाहेरून काहीच दिसत नसल्याने ते सोंग करते असा समज होतो. हा समज रोगाइतकाच क्लेशदायक आहे.

औषधाने फुटणाऱ्या पेशी

दुसरे जन्मजात कारण म्हणजे जी-६-पी-डी या विकराचा अभाव. हा विकर तांबड्या पेशींचे विशिष्ट रासायनिक द्रव्यांपासून रक्षण करतो. दोष क्ष गुणसूत्रावर असल्याने त्याचा त्रास मुख्यतः पुरुषांना होतो. एरवी हे लोक पूर्ण निरोगी असतात. परंतु हिवतापावरील प्रायमाक्विन, कुष्ठरोगावरील डॅप्सोन यांसारखी औषधे घेतल्यावर, किंवा कपाटातील डांबरगोळ्या बालकाच्या पोटात गेल्यावर, एक-दोन दिवसांत पेशी झपाट्याने फुटू लागतात. लघवी काळ्या चहासारखी होते, रुग्ण पांढराफटक पडतो. १९५६ मध्ये प्रायमाक्विनच्या अभ्यासातूनच हा दोष उघडकीस आला.

व्हायवॅक्स जातीच्या हिवतापाचा समूळ नाश करण्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस देण्याची पद्धत आहे व ते औषध उपयुक्तच आहे. म्हणून भीतीने ते नाकारणे योग्य नव्हे. गर्भवती व तान्ही बालके यांना ते देत नाहीत. इतरांना देताना लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवण्यास सांगणे आणि ती काळसर होताच गोळी थांबवून तत्काळ आरोग्य केंद्रात येण्याची सूचना देणे, हे गोळ्या वाटणाऱ्या कार्यकर्त्याचे कर्तव्य होय.

अन्य कारणे

थॅलॅसेमियात हिमोग्लोबिनची एक साखळी नीट तयार होत नाही. तीव्र प्रकारात पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून नियमित रक्त द्यावे लागते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, बंगाली इत्यादी समाजांत त्याचे वाहक अधिक आढळतात. हिवताप स्वतःच रक्तपेशी फोडणारा रोग आहे आणि तापासह फिकटपणा आलेल्या प्रत्येक रुग्णात त्याची तपासणी आधी व्हावी. काही व्यक्तींत शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच तांबड्या पेशींना परके समजून नष्ट करू लागते. हा प्रकार कोणत्याही वयात अकस्मात उद्भवतो आणि स्टेरॉइड औषधांनी बव्हंशी आटोक्यात येतो. अयोग्य गटाचे रक्त दिले गेल्यासही रक्तविलय होतो.

नवजात बालकाचा प्रश्न स्वतंत्र आहे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह व बालकाचा पॉझिटिव्ह असल्यास आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये बालकाच्या पेशी फोडतात. पहिले मूल बहुधा सुखरूप असते; पुढील गर्भास धोका वाढतो. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईस अँटी-डी इंजेक्शन दिल्यास तो टळतो. जन्मानंतर पहिल्या २४ तासांतच दिसणारी कावीळ कधीही साधी समजू नये. बिलिरुबिन फार वाढल्यास मेंदूस कायमची इजा होते. अशा बालकास कोवळ्या उन्हात ठेवून वाट पाहणे पुरेसे नाही. त्यास विशेष प्रकाशाचा उपचार मिळेल अशा रुग्णालयात नेले पाहिजे.

निदानाच्या पायऱ्या

निदान क्रमाने केले जाते आणि प्रत्येक पायरी एका प्रश्नाचे उत्तर देते. पहिला प्रश्न, पांडुरोग आहे काय? दर १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन पुरुषांत १३, स्त्रियांत १२ व गर्भवतींत साधारणतः ११ ग्रॅमहून कमी असल्यास पांडुरोग समजतात.

दुसरा प्रश्न, पेशी फुटत आहेत काय? त्यासाठी रेटिक्युलोसाइट, म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या पेशी, मोजतात. त्यांचे प्रमाण सामान्यतः १ ते २ टक्क्यांच्या आसपास असते. रक्तविलयात ते वाढते. लोहाच्या कमतरतेत वाढत नाही. ही साधी तपासणी दोन्ही विकारांतील भेद बऱ्याच अंशी दाखवून देते. त्याच्या जोडीला अप्रत्यक्ष बिलिरुबिन व एलडीएच वाढलेले आणि हॅप्टोग्लोबिन घटलेले आढळल्यास शंकेस पुष्टी मिळते. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसते, पण सूक्ष्मदर्शकात तांबड्या पेशी दिसत नाहीत, असे झाल्यास फुटलेल्या पेशींचे हिमोग्लोबिन लघवीत उतरत असल्याची शक्यता असते.

तिसरा प्रश्न, त्या का फुटतात? काचपट्टीवरील रक्ताचा पातळ थर येथे फार बोलका ठरतो. विळ्याच्या आकाराच्या, गोल गरगरीत झालेल्या किंवा तुकडे पडलेल्या पेशी, तसेच हिवतापाचे परजीवी, अनुभवी नजरेस त्यात दिसतात. शरीरानेच पेशींवर हल्ला केला आहे काय, हे पाहण्यासाठी कूम्ब्ज चाचणी करतात. केंब्रिजचे रॉबिन कूम्ब्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९४५ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही तिचे स्थान अबाधित आहे. सिकलसेलसाठी गावपातळीवर बोटातील थेंबभर रक्तावर विद्राव्यता चाचणी करता येते. द्रावण गढूळ झाले तर दोष आहे एवढे कळते. व्यक्ती वाहक आहे की रोगी, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी ही खात्रीची तपासणी आवश्यक असते. पहिल्याच चाचणीवर कोणास रोगी ठरविणे अन्यायाचे आहे.

तपासणीची वेळही महत्त्वाची आहे. सहा महिन्यांखालील बालकात विद्राव्यता चाचणी फसवी ठरू शकते. रक्त दिल्यानंतर लगेच हिमोग्लोबिनचा प्रकार तपासल्यास दात्याचेच रक्त तपासले जाण्याचा संभव असतो. म्हणून शक्यतो रक्त देण्यापूर्वीच नमुना घ्यावा, अन्यथा सुमारे तीन महिने थांबावे. जी-६-पी-डीची तपासणी पेशी फुटण्याच्या भरात केल्यास उत्तर चुकीने चांगले येऊ शकते, कारण दुबळ्या पेशी आधीच नष्ट होऊन कोवळ्या, विकरयुक्त पेशी उरलेल्या असतात. काही महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते.

विलंब न करण्याची चिन्हे

काळसर किंवा तांबूस लघवी, अकस्मात वाढलेला फिकटपणा, विश्रांतीतही लागणारी धाप, छातीत दुखणे, भोवळ, एका अंगाची शक्ती जाणे, सिकलसेलच्या बालकास ताप येणे, अथवा त्याचे पोट काही तासांत डावीकडे फुगून ते मलूल होणे, यांपैकी काहीही दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पोट फुगण्याच्या प्रकारात शरीरातील बरेचसे रक्त पाणथरीत अडकते व काही तासांतच जीव धोक्यात येतो. सिकलसेलच्या बालकाच्या मातेस पाणथरी चाचपण्यास शिकविणे हा साधा उपायही जीव वाचवू शकतो.

गाव, शाळा व शासन

मध्य प्रदेशातील शहडोल येथून १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून या रोगाचे निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी झालेल्यांना समुपदेशनासाठी कार्ड देण्यात येते. विवाह ठरविताना ही कार्डे पडताळून पाहणे हिताचे ठरेल. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भाच्या वेळी मूल रोगी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व पूर्णतः मुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रोगी झाले म्हणजे पुढील तिघे सुरक्षित, असा याचा अर्थ नव्हे. वाहक व मुक्त अशा जोडप्याचे मूल मात्र सिकलसेलचे रोगी होत नाही. तेव्हा वाहक मुलीचे लग्न मोडण्याचे कारण नाही. दोष आई व वडील दोघांकडून येतो. केवळ सुनेस बोल लावणे अज्ञानाचे व अन्यायाचेही आहे.

शिक्षकांनी वारंवार गैरहजर राहणाऱ्या, खेळताना लवकर थकणाऱ्या, थंडीत हातपाय दुखतात म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास आळशी न समजता आरोग्य केंद्राकडे पाठवावे. रोग ठरल्यास वर्गात हवे तेव्हा पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मुभा द्यावी, कडक उन्हातील कवायतीतून सूट द्यावी आणि थंडीत उबदार कपड्यांकडे लक्ष द्यावे. आश्रमशाळांच्या अधीक्षकांनी अशा विद्यार्थ्यांची नोंद व औषधांची वेळ सांभाळावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल व थॅलॅसेमिया यांचा समावेश आहे. पात्र रुग्णांना प्रमाणपत्र मिळवून देण्याकामी स्थानिक अधिकाऱ्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

योग्य वेळी निदान झाल्यास फॉलिक ॲसिड, बालकांना पेनिसिलिन व लसी, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया यांच्या साहाय्याने सिकलसेलचे रुग्ण शाळा, नोकरी व संसार सांभाळून जगू शकतात. गोळ्या घेऊनही रक्त का वाढत नाही, हा प्रश्न घरातील कोणी तरी विचारला पाहिजे आणि आरोग्य केंद्रात त्याचे उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा केला पाहिजे. ज्या घरी महिन्या-दोन महिन्यांच्या उपचारानंतरही फिकटपणा हटत नसेल, त्या घरातील मंडळींनी रुग्णाची जुनी कागदपत्रे बरोबर घेऊन रक्ताची पुढील तपासणी अवश्य करून घ्यावी.